एकोणिसावा तास

प्रिय भिंगरी,

तुला हसू येणार हे माहीत असूनही सांगते. आयुष्यभर रात्रपाळ्या करून झाल्यावर, सदुसष्टाव्या वर्षी मी आता झोपायला जाते. रीतसर, अर्ज भरून, चार ठिकाणी सह्या करून. इथल्या वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लावला होता: 'साठी ओलांडलेल्या, निरोगी आणि शांत झोप लागणाऱ्या व्यक्ती हव्या आहेत.' खाली विद्यापीठाच्या झोपेच्या प्रयोगशाळेचा नंबर. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. निवृत्त झाल्यापासून लोक माझ्या गुडघ्यांची विचारपूस करतात, रक्तदाबाची करतात, पण तुम्हाला चांगलं काय येतं असं कुणी विचारलं नव्हतं. आणि झोप मला कुठेही, कधीही, स्टुलावर बसल्या बसल्यासुद्धा लागते, हे तुला वेगळं सांगायला नको. त्याच दुपारी फोन केला.

प्रयोगशाळा तळघरात आहे. खोल्यांना खिडक्या नाहीत, भिंतीवर घड्याळ नाही, आणि दारातच मनगटावरचं घड्याळ काढून घेतात, जसं आपण ऑपरेशनला नेताना पेशंटच्या अंगठ्या काढून घ्यायचो. पलंग, टेबल, एक खुर्ची, कोपऱ्यात कॅमेरा. डोक्याला तारा चिकटवायला एक बाई येते. ती आधी पार्लर चालवायची, त्यामुळे केसांचे भांग असे सुरेख पाडते की बघत राहावं, आणि मग त्या प्रत्येक भांगात पांढरी चिकट पेस्ट भरते. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "बाई, मी तीस वर्षं लोकांना सुया टोचल्यात, आता तुम्ही फेडून घ्या." ती इतकी हसली की दोन तारा निसटल्या. आता आमची गट्टी जमलीय. तिला मी तारावाली म्हणते आणि ती मला मोठ्या सिस्टर म्हणते.

तिथले डॉक्टर पन्नाशीचे, टक्कल पडलेले. कोटाचं एक बटण नेहमी भलत्याच काजात. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, माणसाला झोप कशासाठी लागते?" मी परीक्षेला बसल्यासारखी ताठ होऊन म्हणाले, "विश्रांतीसाठी." ते म्हणाले, "मग आठ तास आरामखुर्चीत डोळे उघडे ठेवून बसलं तर भागायला हवं. का भागत नाही?" भिंगरी, मी हजारो माणसं झोपलेली पाहिली. झोपेच्या गोळ्या दिल्या, झोपेतून उठवून गोळ्या दिल्या. पण हा एवढा सोपा प्रश्न मला कधी पडला नाही. मग ते म्हणाले, "गंमत अशी की मलाही पूर्ण उत्तर माहीत नाही. कुणालाच नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." तिथून येताना मी एक वही विकत घेतली. प्रश्न लिहून न्यायचे आणि डॉक्टर चहा प्यायला बसले की त्यांना गाठायचं. ते मला भितात आता.

त्या वहीतलं थोडं तुला सांगते, कारण तुझ्याइतकं कौतुकानं ऐकणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही. झोपलेला प्राणी खात नाही, पिल्लं सांभाळत नाही, शिकारी आला तर पळू शकत नाही. तरीसुद्धा ज्यांना मज्जासंस्था आहे असे जितके प्राणी नीट तपासले, ते सगळे कुठल्या ना कुठल्या रीतीनं झोपतात. डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवतो आणि अर्ध्यानं पोहत राहतो. आणि एक जेलीफिश आहे, तिला मेंदूच नाही, नुसतं मज्जातंतूंचं जाळं, तरी तीही रात्री मंदावते. रात्रभर पाणी ढवळून तिला त्रास दिला तर दुसऱ्या दिवशी मरगळते. मी डॉक्टरांना म्हटलं, "ज्याला डोकंच नाही त्याचं डोकं कशानं शिणतं?" ते म्हणाले, "हा प्रश्न लिहून ठेवा, मी चोरणार आहे." म्हणजे झोप ही मेंदूच्याही आधीची, कुठल्या तरी फार जुन्या काळापासूनची गरज असावी. गाढ झोपेत दिवसभराच्या आठवणी पुन्हा चाळल्या जातात आणि जागच्या जागी लावल्या जातात, हे बऱ्यापैकी पक्कं आहे म्हणे. झोपेत मेंदूच्या पेशींमधून एक द्रव खेळतो आणि साचलेली घाण वाहून नेतो, असं उंदरांत दिसलंय. पण ते किती खरं यावर त्यांच्यात अजून भांडणं चालू आहेत. मला बरं वाटलं ऐकून. डॉक्टर लोक भांडतात तेव्हा निदान खरं बोलत असतात.

पेंग येते ती कशानं, हेही विचारलं. जागेपणी मेंदू काम करत असतो तसतसा त्यात एक पदार्थ साचत जातो, ॲडेनोसीन नावाचा. तो पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतो आणि सांगत राहतो, आवर आता, आवर. झोपलो की तो ओसरतो. चहा-कॉफी काय करतात, तर त्या जागा स्वतःच अडवून बसतात. साचणं थांबत नाही, फक्त निरोप पोचत नाही. आठवतो आपला वॉर्डामागचा स्टोव्ह? त्यावर आपण किती पातेली चहा उकळला असेल! निरोप्याला दाराबाहेर उभं करून ठेवायचो आणि म्हणायचो, काय तरतरी आली. आणि दुसरी गोष्ट, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर तांदळाच्या दाण्याहून लहान असा पेशींचा पुंजका असतो. तेच शरीराचं घड्याळ. रात्र जागून काढली तरी सकाळ झाली की ते घड्याळ आपलं काम करतं, माणसाला उठवून बसवतं. चेहऱ्यावर तजेला येतो, बोलणं वाढतं, हसू येतं. साचलेली झोप मात्र तिथेच असते, एक कणही कमी झालेली नसते. डॉक्टर म्हणाले, "लोकांना वाटतं रात्र संपली म्हणजे संकट टळलं. उलट सकाळीच माणूस फसतो, कारण तेव्हा तो स्वतःला ठीक समजतो." हे वाक्य मी लिहून घेतलं आणि त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारला नाही.

आता मुख्य प्रयोगाकडे येते. तीन रात्री मनसोक्त झोपू देतात आणि मग एकदा अठ्ठावीस तास सलग जागं ठेवतात. दर दोन तासांनी एक चाचणी. काळ्या पडद्यावर लाल आकडे धावायला लागले की बटण दाबायचं. बस्स. दहा मिनिटं तेवढंच. मी आधीच सांगून टाकलं होतं, "माझ्या बाबतीत तुमचं यंत्र लाजेल. मी सलग चौदा रात्रपाळ्या केलेली बाई आहे." डॉक्टर नुसते हसले. बारा तास झाले, सोळा झाले, मी तारावालीबरोबर पत्ते खेळले, तिला हरवलं. विसाव्या तासाला जरा डोळे चुरचुरले एवढंच. चोविसाव्या तासाची चाचणी संपल्यावर कसं वाटतंय असं कागदावर लिहायचं होतं. मी लिहिलं, 'उत्तम. एकही चुकलं नाही.'

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला त्या चाचणीचं चित्रण दाखवलं. पडद्यावर मी. मान ताठ, डोळे उघडे, अंगठा बटणावर. लाल आकडे धावायला लागतात आणि मी त्यांच्याकडे बघत असते. बघतच असते. एक सेकंद, दोन, चार, सहा. अंगठा हलत नाही. खाली मेंदूचा आलेख चालू होता, त्यात त्या सहा सेकंदांपुरत्या मोठमोठ्या संथ लाटा, गाढ झोपेतल्यासारख्या. मग एकदम मी बटण दाबते आणि स्वतःवर खूश झाल्यासारखी मान हलवते. दहा मिनिटांत असं अकरा वेळा. मी म्हटलं, "डोळे तर उघडे आहेत माझे!" डॉक्टर म्हणाले, "डोळे उघडे होते. तुम्ही नव्हता." त्याच्यापुढे आणखी एक गोष्ट होती. चाचणी संपल्यावर तारावाली आत येते, विचारते, "सिस्टर, पाणी हवं?" आणि मी स्पष्ट आवाजात म्हणते, "हो, पण फार गार नको." ती पेला ठेवून जाते. भिंगरी, मला यातलं काही, काहीही आठवत नव्हतं. मी हुज्जत घातली की हे भलत्याच कुठल्या दिवसाचं असेल. त्यांनी तारीख दाखवली. चित्रणात पेला माझ्या कोपराशीच होता, अर्धा प्यायलेला.

डॉक्टरांनी मग बैजवार समजावलं. फार वेळ जागं राहिलं की मेंदू सगळा एकदम झोपत नाही. इथला थोडा, तिथला थोडा, पेशींचे लहान लहान गट काही क्षणांपुरते बंद पडतात आणि बाकीचा मेंदू चालू असतो. उंदरांमध्ये हे तारा घालून पाहिलेलं आहे. मला आपला वॉर्ड दिसला. चार सिस्टर धावताहेत, दोघी कोपऱ्यात पेंगताहेत, आणि दारातून बघणाऱ्याला वाटतं वॉर्ड व्यवस्थित चाललाय. माणूस बोलतो, चालतो, विचारलेल्याला उत्तर देतो, पण ऐकलेलं जिथे पोचायला हवं तिथलं दार नेमकं त्या क्षणी बंद असतं. आणि आठवणी टिपून ठेवणारा भाग असा दमलेला असेल तर ते टिपलंही जात नाही. नंतर कितीही आठवा, तिथे काही नसतंच. शिवाय आपण किती बिघडलोय याचा अंदाज अशा माणसाला येत नाही, कारण अंदाज घ्यायला मेंदू तोच असतो. सतरा-अठरा तास जागलेला माणूस थोडी दारू घेतलेल्यासारखा असतो, आणि चोवीसच्या पुढे गेला की चांगलीच चढलेल्यासारखा. फक्त तोंडाला वास येत नाही.

मी वही मिटली आणि विचारलं, "डॉक्टर, समजा एक सिस्टर आहे. पेशंटला नाव विचारते, तो नाव सांगतो, ती मान डोलावते, आणि तरी दुसऱ्याचं इंजेक्शन त्याला देते. नंतर म्हणते मला आठवत नाही. असं होऊ शकतं?" त्यांनी विचारलं, "किती तास जागी होती?" मी म्हटलं, "ड्युटीचा एकोणिसावा तास. जागेपणाचा सत्ताविसावा." त्यांनी विचारलं, "आणि कागदावर किती होते?" माणूस हुशार आहे. मी म्हटलं, "पंचेचाळीस मिनिटं." त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ कोटानं पुसत बसले. मग म्हणाले, "त्यांना हे कुणी सांगितलंय का?"

एकतीस वर्षं झाली. आपण दोघी त्या सकाळबद्दल कधी बोललो नाही, म्हणून मी आज सगळं क्रमानं लिहिते. माझ्याकडून कसं दिसलं ते तुझ्याकडे असायला हवं. आदल्या दिवशी तू सकाळी सहाला उठली होतीस, क्वार्टर्समध्ये आपली खोली एकच, म्हणून मला माहीत. दुपारी दोनला तू ड्युटीवर आलीस, रात्री दहाला सुटायचीस. रात्रपाळीची सिस्टर आजारी पडली म्हणून तक्त्यावर रात्र माझ्या नावावर होती, आणि सकाळी आठला पुन्हा तुझी पाळी. मी इन्चार्ज होऊन दोन महिने झाले होते आणि आठवडाभर माझ्या अंगावर दुहेरी पाळ्या होत्या. दहाला तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "ताई, तुमचे डोळे बघा कसे झालेत. थोडं पडा, मी थांबते." मी म्हटलं, "तीनच तास. एक वाजता उठव." आणि वॉर्डामागच्या खोलीत जाऊन पडले, ती सकाळी साडेसातला उठले. तू तोंड धुऊन, केस बांधून उभी होतीस आणि हसत म्हणालीस, "इतक्या गाढ झोपला होतात, जिवावर आलं उठवायचं." तुझा चेहरा टवटवीत होता. मी स्वतःशी म्हटलं, पोरीला काही झालेलं नाही, चोवीस वर्षांची तर आहे. रात्रीच्या रजिस्टरवर मी माझी सही केली. सकाळच्या रजिस्टरवर तू तुझी केलीस.

पावणेनऊला तू सात नंबरच्या पेशंटचं नाश्त्याआधीचं इन्सुलिन ट्रेमध्ये घेऊन निघालीस. डोस अगदी बरोबर भरलेला. आणि सतरा नंबरपाशी थांबलीस. ते भूगोलाचे मास्तर, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलेले. झाडूवाल्या मावशींनी पाहिलं, तू त्यांना नाव विचारलंस, त्यांनी सांगितलं, तू "हं" म्हणालीस. उपाशीपोटी इन्सुलिननं रक्तातली साखर उतरून ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ते निपचित पडले तेव्हा सगळ्यांना वाटलं गुंगीच्या गोळीनं असेल, आणि त्यात वेळ गेला. दोन दिवस ते बेशुद्ध होते. वाचले, पण पुढे त्यांना शब्द सापडेनासे झाले. नदी म्हणायची असली की बोटानं टेबलावर रेघ ओढायचे. शाळेत परत गेले नाहीत.

चौकशीला तिघं बसले होते. त्यांनी मला विचारलं, "रात्री ड्युटीवर कोण होतं?" मी म्हटलं, "मी." "ही सिस्टर कधी आली?" मी म्हटलं, "सकाळी आठला." त्यांनी कागदावर पंचेचाळीस मिनिटं असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. रात्रभर विश्रांती घेऊन आलेली तरुण सिस्टर पाऊण तासात अशी चूक करते, म्हणजे दुसरं काय म्हणणार? निष्काळजी. तू म्हणालीस, "कसं झालं ते मला आठवत नाही," तेव्हा त्यांच्यातला एक जण चक्क हसला. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, आणि मग तुझ्या बुटांकडे. मी तोंड उघडलं नाही. तुझी नोंदणी रद्द झाली, आणि मी पुढे मेट्रन होऊन निवृत्त झाले, शाल घालून, भाषणं ऐकून.

त्यानंतर तू पुस्तकं बांधायला शिकलीस. तुझ्या हातचं काम किती नेटकं असतं! मला दरवर्षी पाठवतेस त्या डायरीचा एकही टाका आजवर वेडावाकडा निघाला नाही. तुझी मुलगी चार वर्षांची असताना मी तुझ्याकडे आले होते, तिला ताप होता. तू औषधाची बाटली घेऊन शेजारच्या वहिनींकडे गेलीस आणि म्हणालीस, "वहिनी, जरा चमच्यात काढून द्या ना, माझ्या हाताचा भरवसा नाही." अगदी सहज म्हणालीस, जसं कुणी म्हणतं की माझ्या हाताला मीठ जरा जास्तच पडतं. मी खुर्चीत बसून सगळं ऐकलं, चहा प्यायले आणि पाचच्या गाडीनं परत आले.

अठ्ठावीस तासांनंतर मला त्या लोकांनी झोपू दिलं तेव्हा मी अकरा तास झोपले. तारावालीनं आलेख दाखवला. मेंदूनं बाकी सगळं बाजूला सारून आधी गाढ झोप ओरपून घेतली होती, उपाशी माणसानं ताटावर बसावं तशी. उठून ते चित्रण पाहिलं, डॉक्टरांशी ते बोलणं झालं, आणि मग मी घरी गेले नाही. मास्तरांचं घर शोधायला गेले. ते सहा वर्षांपूर्वी गेले, दुसऱ्याच कुठल्या आजारानं. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. ती नकाशे तयार करणाऱ्या कार्यालयात काम करते. भिंतभर नकाशे लावलेत. मी दारातच सगळं सांगून टाकायला लागले, तर ती म्हणाली, "आधी बसा तरी." ऐकून घेतलं आणि आत जाऊन एक फाइल घेऊन आली. तिच्या आईनं हॉस्पिटलशी भांडून मिळवलेली सगळ्या कागदांची नक्कल. त्यात त्या रात्रीचा मास्तरांचा तक्ता होता, ताप, नाडी, रक्तदाब. रात्री बारा, पहाटे चार, सकाळी सहा. तिन्ही नोंदी तुझ्या अक्षरात, भिंगरी. तुझा तो शेपूट लांबवलेला चार. चौकशीच्या टेबलावर हाच कागद होता आणि तो कुणी उलटून पाहिला नव्हता.

तिनं बराच वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढणार, आणि काढावंच. ती म्हणाली, "म्हणजे रात्रभर बाबांजवळ याच होत्या?" मी हो म्हटलं. तेव्हा ती जे बोलली ते तुला जसंच्या तसं लिहिते. "बाबा एका सिस्टरबद्दल नेहमी सांगायचे. ऑपरेशनच्या भीतीनं त्यांना झोप येत नव्हती. पाणी द्यायची मनाई, म्हणून ती पुन्हा पुन्हा येऊन ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसायची आणि कुठला समुद्र कुठे आहे ते विचारायची. हे सांगताना बाबांचे शब्द अडायचे, तरी दर वेळी पूर्ण करून सांगायचे. आई म्हणायची, रात्रीची चांगली होती हो, सकाळचीनं घात केला. त्या दोघी एकच असतील असं आम्हाला कधी वाटलंच नाही." निघताना तिनं तक्त्याची नक्कल मला दिली आणि तुझा पत्ता मागितला. मी दिलेला नाही. तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. परवा मी परिचारिका मंडळात जाऊन शपथेवर जबाब दिला, तक्ता जोडला, आणि डॉक्टरांनी त्यांच्या नावानिशी एक टिपण दिलं तेही जोडलं. पुढच्या आठवड्यात तुला मंडळाचा लखोटा येईल. तो उघडताना तू एकटी आणि बेसावध असू नयेस, म्हणून आधी हे. ते काय ठरवतील मला ठाऊक नाही, माझं काय करतील याची फिकीर नाही. पण त्या जबाबात एक गोष्ट आहे जी तू कागदावर वाचण्याआधी माझ्याकडून ऐकायला हवीस. चौकशीनंतर जिन्यात मी रडत होते तेव्हा तू माझा हात धरून म्हणालीस, "तुमचा काय दोष ताई, तुम्ही झोपेत होतात. उठवलं नाही ते मीच." एवढ्याच एका समजुतीवर तू गप्प राहिलीस, आणि मी तुला त्या समजुतीत एकतीस वर्षं राहू दिलं. भिंगरी, त्या रात्री एक वाजता दार वाजलं ते मी ऐकलं. तू दोनदा "ताई" म्हणालीस, तेही ऐकलं. तुझा हात माझ्या खांद्यावर होता, आणि मला माहीत होतं की मी डोळे उघडले तर मला उठावं लागेल. मी श्वास संथ ठेवला. तू माझ्या पायांवरची चादर सारखी केलीस, दिवा मालवलास आणि पावलं न वाजवता गेलीस. मी झोपेत नव्हते.

तुझीच,
ताई